टॉबीवर माती

४ ऑक्टोबर, सोमवार

डेन्झिल म्हणाला, "अध्यक्षीणबाई, जे काय आहे ते मला ऐकवण्यापेक्षा वहीत लिही. वही उलट बोलत नाही आणि तिला झोपही येत नाही." म्हणून ही वही. लग्न झाल्यापासून नवऱ्याचा सल्ला मी बहुधा पहिल्यांदाच मानला.

आमच्या मित्रमंडळाची अध्यक्ष मी कशी झाले, तर म्हातारे कथबर्ट डर्स्टन मुलीकडे कॅनडाला गेले आणि बैठकीत दुसऱ्या कोणी हात वर केला नाही. आयुष्यभर मी फिरत्या ग्रंथालयाची गाडी चालवली. सॉमरसेटच्या या टेकड्यांतला एकही गोठा असा नाही जिथे मी पुस्तक पोचवलं नाही. रोमन लोकांबद्दल मला इतकंच माहीत की ते आपल्या गावात राहून गेले आणि जाताना जेवणघराची रंगीत खड्यांची फरशी मागे ठेवून गेले.

आज ती फरशी तपासायला ब्रिस्टलहून फिलिपा लोमॅक्स आली. दगडांची डॉक्टर. दिसायला शाळकरी पोर, पण बोलणं सर्जनचं. फरशीवर आडव्या टाकलेल्या फळीवर ती पालथी झोपली आणि बोटाच्या पेरांनी टकटक करत गेली. पाव नीट भाजला की नाही ते आपण खालून वाजवून बघतो, तसं. पाव पोकळ वाजला तर चांगला. फरशी पोकळ वाजली तर वाईट. आमची जवळजवळ सगळीकडे पोकळ वाजली.

"छप्पर कोणी घातलं?" तिने विचारलं.

"आम्ही. 'आल्डरी फरशी मित्रमंडळा'ने. केक विकून, जुने कपडे विकून." मी जरा ताठच झाले.

"छप्पर पाऊस अडवतं. जमिनीतली ओल कोण अडवणार? ती खालून वर येते, छपराखाली सुकते आणि मीठ मागे ठेवते. मीठ फुगलं की खडा उचलला जातो. त्यात थंडीत ओल गोठली की संपलंच."

"मग उपाय?"

"पुन्हा पुरा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. ती पुढे म्हणाली, "वर कापड, मग वाळू, मग माती. सोळाशे वर्षं मातीनेच सांभाळलं ना हिला? सरकारी परवानगीचं मी बघते. पण कडाक्याची थंडी पडायच्या आत."

मी तिला चहा दिला. तिने केकचे दोन तुकडे खाल्ले. माझा तुकडा मी डेन्झिलसाठी गुंडाळून ठेवला.

७ ऑक्टोबर, गुरुवार

समितीची बैठक. हिशेब बघणारा क्लाइव्ह, कथबर्टचा मुलगा रॉडनी, मायरा आणि मी. शेत आता रॉडनीचं आहे. छपराशेजारी त्याचं चहाघर आहे, आणि फरशी बघायला आलेला माणूस चहा पिऊनच परत जातो.

मी फिलिपाचं म्हणणं सांगितलं. रॉडनीचा चेहरा लाल झाला. "म्हणजे लोकांनी येऊन बघायचं काय? गवत? गवत तर माझ्या मेंढ्यापण बघतात, आणि त्या चहा घेत नाहीत."

"रॉडनी, फरशी मरतेय."

"मी पण मरेन. माझ्यावर कोण छप्पर घालणार?"

क्लाइव्ह म्हणाला की दोन्ही बाजूंत तथ्य आहे. क्लाइव्ह नेहमी असंच म्हणतो.

मायरा शेवटी बोलली. मायरा हेम्ब्रो आणि मी शाळेत एका बाकावर बसलो. नंतर ती त्याच शाळेत चित्रकला शिकवायला लागली. मंडळ स्थापन झाल्यापासून दर वर्षी कॅलेंडरसाठी फरशीचं चित्र तीच काढते. मी तिच्या भरवशावर बैठकीला गेले होते.

"नाही," ती म्हणाली. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. माझ्या कानाच्या पलीकडे, पडद्याकडे कुठेतरी बघत होती.

"नाही का?"

"नाही म्हणजे नाही, हेस्टर."

एवढ्या वर्षांची मैत्रीण, आणि डोळ्याला डोळा देईना. निघताना दारातल्या पायरीवर तिचा पाय चुकला. मी धरायला गेले तर हात झटकला. राग इतका की समोरची पायरी दिसेना.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

मायराने कॅलेंडरचं चित्र क्लाइव्हकडे पोचवलं. काय म्हणावं याला? फरशीच्या कडेची वेणीसारखी नक्षी तिने अशी काढलीय की एकेक खडा मोजून घ्यावा. आणि मधोमध टॉबीच्या जागी पिवळा डाग! ना डोळे, ना नाक.

टॉबी म्हणजे आमचा सिंह. करणाऱ्याने सिंह कधी बघितला नसावा, त्यामुळे तो दचकलेल्या कुत्र्यासारखा झालाय. कथबर्टच्या नांगराखाली तो निघाला त्या दिवशीच कोणीतरी त्याला टॉबी म्हटलं, आणि गावातल्या दोन पिढ्या त्याला बघून हसत मोठ्या झाल्या.

क्लाइव्ह म्हणाला, ही आधुनिक शैली असेल. शैली कसली, हा निषेध आहे. तिला म्हणायचंय: हेस्टर तुझं तोंड पुसून टाकणार, टॉबी. मी फोन केला.

"मायरा, हे मुद्दाम केलंस ना?"

तिने आधी रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "तुला वाटतं तसं समज."

"मी हे छापणार नाही."

"नको छापूस."

गेल्या वर्षीचंच चित्र पुन्हा छापायचं ठरवलं. मी रागावले नाही. मी कोणावर सहसा रागावत नाही.

२४ ऑक्टोबर, रविवार

चर्चनंतर एकटीच छपराखाली जाऊन बसले. मनात येतं, मी कोण हे ठरवणारी? कथबर्टने नांगर थांबवला, लोकांनी थंडीत उभं राहून केक विकले, ते सगळं टॉबी दिसावा म्हणून. आणि मी आल्या आल्या त्याला झाकायला निघाले. लोक म्हणतील, बाईला एक खुर्ची दिली तर तिने दुकानच बंद केलं.

फिलिपा चुकत असेल तर? तरुण आहे. तरुण लोक फार खात्रीने बोलतात.

मग फळीवर ओणवी झाले आणि कडेच्या वेणीवरून बोट फिरवलं. दोन खडे बोटाबरोबर आले. सैल दातासारखे. दुखलं असतं तर फरशी ओरडली असती. खडे त्यांच्या जागी नीट ठेवले आणि उठले. ठरलं. विशेष सभा बोलवायची, सगळ्या सभासदांची. मत घ्यायचं, आणि जिंकायचं.

२७ ऑक्टोबर, बुधवार

रॉडनीने चहाघरावर फलक लावलाय: "टॉबीला वाचवा". जसं काही मी बंदूक घेऊन फिरतेय. दुकानात पाव घेताना मागून कोणीतरी म्हणालं, "कबर खणायला फावडं हवंय का, हेस्टर?" मी म्हटलं, "हवंय. आणि धरायला तूही हवायस. शनिवारी मोकळा आहेस ना?" दुकानात हशा झाला, पण तो माझ्या बाजूचा होता की त्याच्या, कळलं नाही.

माझ्या ग्रंथालयाच्या जुन्या फेरीच्या वाटेने मतं मागत घरोघर जायला सुरुवात केलीय. हल्ली ती गाडी जी मुलगी चालवते ती रस्त्यात भेटली. सांगत होती की मायरा ईस्टरपासून छापील पुस्तक घेतच नाही, फक्त ऐकायची पुस्तकं. एवढी वाचणारी बाई! म्हातारपणी माणूस आळसावतो तो असा.

डेन्झिल कांद्याची पात निवडत होता. म्हणाला, "मायराकडे जाऊन ये."

"तिने यावं."

"संध्याकाळची ती गाडी चालवत नाही हल्ली."

"तेच तर! घरात बसून रुसायला गाडी कशाला लागते?"

त्याने पातीची दुसरी जुडी ओढली.

९ नोव्हेंबर, मंगळवार

पहिलं कडक हिंव. सकाळी उजाडता उजाडता रॉडनीचा फोन. "या. लगेच."

टॉबीचा डावा कान गेला. तळहाताएवढा तुकडा फुगून वर आलाय आणि खडे सांडलेत, कोणी हातातून टाकावेत तसे. रॉडनी उकिडवा बसला होता, टोपी हातात. मी त्याच्या शेजारी बसले.

"बापाने याच्यासाठी नांगर थांबवला होता," तो म्हणाला. "त्या वर्षी ते अख्खं शेत पेरायचं राहिलं. आई किती ओरडली होती त्यांना."

"आता ओरडायची पाळी माझी आहे का?"

"नको. तुमचं ओरडणं आईपेक्षा वाईट." मग टोपी घालत म्हणाला, "मत देईनच असं समजू नका."

दुपारी चहाघरावरून गेले तर फलक नव्हता. वाऱ्याने पडला असेल.

१३ नोव्हेंबर, शनिवार

जिंकलो!

गावसभेचं दालन भरलं होतं. फिलिपाने टॉबीच्या कानाचे फोटो दाखवले आणि समजावून सांगितलं. मग मी बोलले. घरी आरशासमोर तयारी केली होती, त्यातलं काही आठवलं नाही, तरी बरं बोलले.

मग मायरा उठली. खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती. म्हणाली, "एकदा झाकलं की मला तो पुन्हा कधीच दिसणार नाही. एवढंच सांगायचंय."

सभा हलली. मला दिसत होतं, मतं निसटत होती. म्हातारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मी उठले आणि म्हटलं, "मायरा, आपल्यातलं कोणीच अमर नाही. पण टॉबीला आपल्यानंतरही जगायचंय. मला बघायला मिळावा म्हणून त्याने मरावं, असं म्हणणारं हे मंडळ नाही."

टाळ्या पडल्या. भरपूर. मायरा चाचपडत खाली बसली. हात वर करायची वेळ आली तेव्हा रॉडनीचा हात माझ्या बाजूने वर होता. अर्धाच, पण होता. क्लाइव्हने दोन्ही वेळा हात वर केला. त्याला एक मत निवडायला लावलं.

घरी आले तर डेन्झिल भांडी घासत होता. "चांगलं बोललीस," म्हणाला.

"मग चेहरा असा का?"

"मायरा काय म्हणाली ते ऐकलंस का?"

"ऐकलं की. सगळ्या गावाने ऐकलं."

"हं," म्हणाला आणि कढई घासत राहिला.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

छपराच्या फाटकाची दुसरी किल्ली मायराकडे असते. ती आणायला सकाळी तिच्या घरी गेले. खरं तर क्लाइव्हला पाठवणार होते. डेन्झिल म्हणाला, "तूच जा." त्याच्या आवाजात काहीतरी होतं म्हणून गेले.

बेल वाजवली. तिने दार उघडलं. बाहेर लख्ख ऊन. मी हातभर अंतरावर उभी, लाल कोटात, जो तिनेच पसंत केला होता. आणि ती म्हणाली, "कोण?"

मी एक पाऊल पुढे झाले.

"कोण आहे?" तिने पुन्हा विचारलं आणि मान जराशी वळवली. नजर माझ्या कानापलीकडे. तेव्हा, त्या दारात, मला सगळं एकदम कळलं. पायरी. पिवळा डाग. ऐकायची पुस्तकं.

"मी आहे गं."

"अच्छा. विजयी सेनापती." ती आत वळली. "ये. टेबलाचा कोपरा सांभाळ. मला तो दिसतो, तुला दिसणार नाही."

स्वयंपाकघरात तिने चहा केला. कपाच्या कडेवर बोट ठेवून ओतत होती. मी मदतीला उठले तर म्हणाली, "बस खाली."

"कधीपासून, मायरा?"

"ईस्टरच्या आधीपासून. मधलं गेलंय. कडेकडेचं दिसतं. तुझ्या मागचं कपाट मला स्वच्छ दिसतं, तुझं तोंड नाही. तसं फार मोठं नुकसान नाही म्हणा."

मला हसू आलं आणि मग रडू आलं. "मला का नाही सांगितलंस?"

"तू लगेच समिती नेमली असतीस."

खरंय. नेमली असती.

"डेन्झिलला माहीत होतं?"

"त्याने एकदा मला बाजारात भलत्याच गाडीचं दार उघडताना बघितलं. कोणाला सांगू नको म्हटलं. त्याने शब्द पाळला. तुझ्या घरात एक जण तरी गप्प बसू शकतो."

मी म्हटलं, "मी थांबवते सगळं. वसंतापर्यंत. अध्यक्ष आहे मी. तू रोज तिथे जा, हवं तेवढं बघ."

तिने कप आपटला. "त्याचा एक कान पडलाय, हेस्टर! माझ्या लाडासाठी आता नाक पाडणार? मी हट्ट केला. मला वाटायचं, मला दर वर्षी थोडं कमी दिसेल, पण तो जागेवर असेल, मी जाऊन त्याच्याजवळ बसेन. तो हट्ट होता. तू सभेत बोललीस ते बरोबर होतं."

"ते फार वाईट बोलले मी."

"वाईट बोललीस. आणि बरोबर बोललीस. दोन्ही."

किल्ली दिली. मी गाडीत येऊन बसले आणि बराच वेळ चावी फिरवली नाही. कोणत्या घरात कोणाला काय वाचायला आवडतं हे मला पाठ होतं. कोण वाचायचं थांबलं, ते सांगूनही कळलं नाही.

डेन्झिलला फक्त म्हटलं, "तू सांगायला हवं होतंस." तो म्हणाला, "शब्द दिला होता." त्यावर भांडता येईना.

२० नोव्हेंबर, शनिवार

अंग इतकं दुखतंय की पेन धरवत नाही, पण आजचं आजच लिहायला हवं.

फिलिपा काल येऊन चुन्याने टॉबीचा कान परत बसवून गेली होती. आज आम्ही वीसेक जण जमलो. वाळूचा ढीग, बादल्या, कापडाच्या गुंडाळ्या. ज्याला मी फावडं धरायला बोलावलं होतं तो दुकानातला माणूससुद्धा आला, बायकोने ढकलला म्हणून.

सुरुवातीलाच मायरा पुढे झाली. "मला त्याच्यावरून एकदा चालायचंय. अनवाणी."

फिलिपा म्हणाली, "मोजे घालून चाला. आणि फक्त मी दाखवते त्या पक्क्या भागावर."

"मोज्यातून काय कळणार मला? हवं तर पाय धुते."

फिलिपाने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. अध्यक्ष असण्याचा हा एकच क्षण मला खरा वाटला.

"पाय धुवू दे," मी म्हटलं.

रॉडनी धावत जाऊन चहाघरातून गरम पाण्याची बादली घेऊन आला. टॉवेलही त्यानेच दिला आणि मग उगाच बाहेर जाऊन मेंढ्यांवर खेकसला.

मी मायराचा कोपर धरला. फिलिपा पुढे, आम्ही मागे. ती बोटांनी जमीन चाचपत हळू चालली. टॉबीपाशी पोचलो तशी ती फळीवर कुशीवर झोपली, गाल अगदी खड्यांजवळ नेला आणि मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला बघायला लागली. एक मिशी. मग थोडी सरकून नाक. मग एक डोळा. तुकड्या तुकड्यांनी पूर्ण सिंह.

"मूर्खच दिसतोस अजून," ती त्याला म्हणाली. मग उठली, पाय झटकले, बूट घातले. "चला. घाला आता."

आधी कापड. टॉबीचा भाग शेवटी झाकायचा असं कोणी ठरवलं नव्हतं, तसंच होत गेलं. मग वाळू. बादल्या हातोहात पुढे, रिकाम्या मागे. रांगेत मायरा माझ्या शेजारी. बादलीची कडी तिच्या हातात नेमकी द्यावी लागायची, एवढंच. दोनदा मी फार हळू दिली तर म्हणाली, "काच नाहीये ती, वाळू आहे."

दुपारपर्यंत चहूबाजूंनी वाळू झाली आणि मधे टॉबीचं तेवढं तोंड राहिलं. रांग थांबली. सगळ्यात पुढे रॉडनी होता, भरलेली बादली घेऊन. त्याचे हात वर जाईनात.

"काय झालं?" मायराने विचारलं. "थांबलात का?"

"तोंड राहिलंय," मी म्हटलं.

"मग?"

रॉडनीने बादली खाली टेकवली.

"दे इकडे ती," ती म्हणाली.

रॉडनीने बादली तिच्याकडे दिली. मी तिला दोन पावलं पुढे नेलं आणि तिचा हात धरून दाखवलं, इथे. फिलिपाने कापडाचा शेवटचा पट्टा टॉबीवर पसरला. मायरा वाकली आणि वाळू ओतली. फेकली नाही. चहा ओतते तशी, हळूहळू, एका हाताने अंदाज घेत. मग तळव्याने सपाट केली.

"झालं," म्हणाली. "आता माती आणा. अंधार पडायच्या आत संपवायचंय ना?"

संपवलं.

२० डिसेंबर, सोमवार

अशी थंडी आमच्या पिढीने बघितली नव्हती. बर्फ कुंपणाच्या वर गेलंय, नळ गोठलेत, डेन्झिल लोकरीची टोपी घालून जेवतो. रस्ता बंद, त्यामुळे फिलिपा येऊ शकली नाही. तिने सकाळी फोन केला. वाळूत तिने एक लांब नळी खोचून ठेवलीय, टोकाशी तापमान मोजणारा काटा. "ते तेवढं बघून सांगाल का? आजच बघायला हवं," ती म्हणाली. तिच्या आवाजात मला पहिल्यांदाच खात्री ऐकू आली नाही. तेव्हा मला कळलं की तीही झोपली नसणार.

मी मायराला फोन केला. "चालत येशील?"

"बर्फात सगळेच आंधळे," ती म्हणाली. "आज माझं तुझ्यापेक्षा बरं."

रॉडनीने पुढे होऊन फावड्याने वाट केली. त्याला चहाघराच्या भिंतीवर टॉबी हवाय, मूळ आकाराचा. मायरा सांगणार, मी रंगवणार असं त्या दोघांनी मला न विचारता ठरवलंय. वाटेत मी म्हटलं की मी आयुष्यात ब्रश धरला नाही. मायरा म्हणाली, "टॉबीच्या कारागिरानेही आयुष्यात सिंह बघितला नव्हता." हे मंडळ माझं ऐकायचं बंद झालंय, की मीच आता त्यांचं ऐकायला लागलेय, कोण जाणे.

छपराखाली तीच थंडी. श्वास दिसत होता. खाली सपाट माती, तिच्यावर गवताच्या पेंढ्या, बाकी काही नाही. बाहेरचा काटा खांबावर आहे, तो मी आधी बघितला. मग गुडघ्यांवर बसले, नळीच्या तोंडावरचं बर्फ पुसलं. रॉडनी मागे उभा, टोपी हातात. मायरा माझ्या खांद्यावर हात ठेवून.

"किती?" तिने विचारलं.

"बाहेर उणे अकरा."

"ते मला माझं नाक सांगतंय. खाली किती?"

मी चष्मा पुसला. पुन्हा बघितलं.

"अधिक चार."

"माझ्या झोपायच्या खोलीपेक्षा जास्त," रॉडनी पुटपुटला.

मायराची बोटं खांद्यात रुतली. "नीट बघितलंस? उणे नाही ना?"

"नाही. अधिक चार."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.